गिल्बोआ गुणाकार

गिल्बोआ गुणाकार ही कूटशास्त्रातील एक रीत आहे. दोन पक्ष आपापली संख्या एकमेकांपासून लपवून त्या दोन संख्यांचा गुणाकार करतात. अलकाकडे क्ष आहे, बबनकडे य आहे (इंग्रजी पुस्तकांतल्या ॲलिस आणि बॉबच्या जागी इथे अलका आणि बबन). शेवटी अलकाच्या हाती स आणि बबनच्या हाती त उरतो, आणि स + त = क्ष × य. यातला एकच हिस्सा पाहिला तर तो कुठलाही यादृच्छिक आकडा असू शकतो. निव गिल्बोआ यांनी १९९९ च्या क्रिप्टो परिषदेत दोघांनी मिळून आरएसए किल्ली तयार करण्याच्या कामासाठी ही रीत मांडली. आरएसए ही सार्वजनिक-किल्लीची कूटपद्धत; तिच्या किल्लीतली मोठी संख्या, म्हणजे मापांक, (प१ + प२) × (क१ + क२) अशी असते. अलकाकडे प१ आणि क१, बबनकडे प२ आणि क२. प१ × क१ आणि प२ × क२ ज्याचे तो घरीच काढतो. अडतात ती प१ × क२ आणि प२ × क१ ही तिरपी पदे.

उत्तर हिस्स्यांतच ठेवावे लागते. अलकाला क्ष × य कळले आणि क्ष शून्य नसला, तर भागाकार करून य लगेच हाती येतो. म्हणून गुणाकार हा शेवटचा टप्पा क्वचितच असतो. हिस्से तसेच पुढच्या हिशेबात जातात आणि अगदी शेवटचे उत्तर तेवढे उघडले जाते.

रीतीचा पाया ऑब्लिव्हियस ट्रान्स्फर, म्हणजे ओटी. पाठवणाऱ्याकडे दोन संदेश असतात आणि घेणाऱ्याकडे ० किंवा १ असा एक निवड-बिट. घेणाऱ्याला निवडलेला संदेश मिळतो, दुसऱ्याचा काहीच पत्ता लागत नाही. त्याने कोणता निवडला हे पाठवणाऱ्याला कळत नाही. मायकेल राबिन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ओटी थोडी वेगळी होती: एकच संदेश, आणि तो पोहोचण्याची शक्यता निम्मी. दोनांतून एक निवडण्याचे रूप इव्हन, गोल्डराइश आणि लेम्पेल यांचे. आता अलकाने र आणि र + क्ष हे दोन संदेश ठेवले आणि बबनने निवड-बिट म्हणून य दिला, तर त्याच्या हाती र + क्ष × य येते आणि अलका आपला हिस्सा −र धरते. एका बिटाचा गुणाकार इथेच झाला. बाकीचे काम म्हणजे शाळेतला उभा गुणाकार, फक्त प्रत्येक ओळ झाकून केलेला.

पूर्ण संख्येसाठी य द्विमान पद्धतीत लिहून प्रत्येक बिटाला एक ओटी वापरतात. बिट क्रमांक ० पासून धरले, तर क्रमांक झ च्या ओटीत अलका नवा यादृच्छिक र(झ) घेते आणि र(झ) व र(झ) + २^झ × क्ष हे संदेश ठेवते. मिळालेल्या सगळ्या आकड्यांची बेरीज हा बबनचा हिस्सा. सगळ्या र ची बेरीज उणे करून अलकाचा.

मापांक १०१, क्ष = ७, य = ५ घेऊ. इथे मापांक म्हणजे ज्याने भागून प्रत्येक आकड्याचा शेष धरायचा ती संख्या. ५ म्हणजे द्विमानात १०१, तेव्हा तीन ओट्या. अलकाचे र अनुक्रमे ४०, ८८, ६३. जोड्या होतात (४०, ४७), (८८, १) आणि (६३, ९१); दुसऱ्या जोडीत ८८ + १४ = १०२, म्हणजे १. बबनचे बिट १, ०, १ असल्याने त्याला ४७, ८८, ९१ मिळतात. बेरीज २२६, मापांकाने २४. अलकाची बेरीज १९१, तिचे उणे मापांकाने ११. २४ + ११ = ३५.

उदाहरणात एक चूक मुद्दाम ठेवली आहे. तीनच ओट्या केल्या तर य आठपेक्षा लहान असल्याचे अलकाला कळते. ओट्यांची संख्या य च्या लांबीवरून न ठरवता मापांकाच्या लांबीवरून ठरवावी. १०१ साठी त्या सात हव्यात, वरचे बिट शून्य असले तरी. र निवडतानाही अशीच काळजी घ्यावी लागते. सात बिटांचा यादृच्छिक आकडा (० ते १२७) घेऊन १०१ ने शेष काढला, तर ० ते २६ हे आकडे इतरांच्या दुप्पट वेळा येतात आणि झाकण पातळ होते. मापांक २ च्या घाताला अगदी चिकटून नसेल तर बरेच जादा बिट घेऊन मग शेष काढतात. सगळ्या ओळींना एकच र वापरला तर सगळेच संपले: बबनकडे एक शून्य-बिट आणि एक एक-बिट असला की वजाबाकीने क्ष उघडा पडतो.

खर्च

ओटी सार्वजनिक-किल्लीच्या गणितावर उभी असल्याने पूर्वी महाग पडे. २००३ मध्ये इशाई, किलियन, निसिम आणि पेट्रँक यांनी दाखवलेल्या विस्तार-पद्धतीने ते चित्र बदलले: सुरुवातीला एकदाच सुमारे १२८ पायाभूत ओट्या, पुढच्या लाखो ओट्या फक्त हॅश (माहितीचा उलटा न काढता येणारा ठसा) आणि एईएस या वेगवान कूटपद्धतीच्या जोरावर. त्यामुळे आज अडचण प्रोसेसरची नसते, वाहतुकीची असते.

२५६ बिटांच्या मापांकासाठी हिशेब असा. विस्तारात बबन प्रत्येक ओटीमागे १२८ बिट पाठवतो, म्हणजे २५६ ओट्यांना ४ किलोबाइट. अलकाचा र हॅशमधूनच निघतो, म्हणून तिला दोन संदेश पाठवावे लागत नाहीत. प्रत्येक ओटीमागे दुसरा संदेश जुळवून देणारी २५६ बिटांची एक दुरुस्ती पुरते, त्यांचे ८ किलोबाइट. एका गुणाकाराला १२ किलोबाइट झाले. पेलिए कूटलेखनाने (त्यात झाकलेले आकडे न उघडताच बेरीज करता येते) हेच काम करायचे तर २०४८ बिटांच्या किल्लीचा एक कूटसंदेश ५१२ बाइटचा असतो, पण घातांकाचे गणित जड आणि फसवणूक रोखायला लागणारे पल्ल्याचे पुरावे (झाकलेला आकडा ठरलेल्या मर्यादेत असल्याचे दाखवणारे) त्याहून जड. वेगवान जाळ्यावर ओटी सरस ठरते, कमी बँडविड्थवर पेलिएला अजून जागा आहे.

मापांक २^३२ असेल तर गंमत होते. २^झ × क्ष चे खालचे झ बिट नेहमी शून्य असतात, म्हणून त्या ओळीत ३२ − झ बिटच पाठवायचे. सगळ्या दुरुस्त्या मिळून ५२८ बिट होतात, आणि विस्ताराचे मात्र ४०९६. लहान संख्यांत खर्च गुणाकाराचा नसतो, ओटीचा असतो. २०१९ नंतरच्या ‘मूक’ ओटी-पद्धतींनी नेमका हाच भाग कापला.

फसवणूक

वरची रीत दोघे नियमाने वागतील तोवरच सुरक्षित आहे. बबनला फारसे वाकडे करता येत नाही: निवड-बिट ० किंवा १ च असू शकतो, म्हणून त्याने काहीही केले तरी कुठला तरी एक य ठरतोच. आपली संख्याच खोटी देणे कोणतीही रीत रोखू शकत नाही.

अलकाची गोष्ट वेगळी. तिने एका ओळीच्या दुसऱ्या संदेशात चुपचाप १ मिळवला, तर बबनचा तो बिट ० असताना उत्तर बरोबर येते आणि १ असताना चुकते. पुढे उत्तराची तपासणी होणार असेल, उदाहरणार्थ त्यातून निघालेली सही पडताळली जाणार असेल, तर ‘सही चुकली’ एवढ्यावरून तिला बिट कळतो. य हा दीर्घकाळ वापरायचा किल्लीचा हिस्सा असेल तर २५६ प्रयत्नांत पूर्ण किल्ली जाते. याला निवडक-अपयश हल्ला म्हणतात. चाचणीत तो दिसत नाही, कारण प्रामाणिक चालवण्यात सगळे आकडे जुळतात.

उपाय दुहेरी आहे. अलका त्याच ओट्यांतून क्ष सोबत एक यादृच्छिक क्ष′ ही गुणते. मग आव्हान म्हणून आलेल्या यादृच्छिक गुणकाने ती क्ष आणि क्ष′ यांचे मिश्रण उघडते आणि बबन ते ओळीओळीने ताडून पाहतो. तरी ज्या ओळीचा बिट तिने अचूक ओळखला तिथली लबाडी निसटते. म्हणून बबन य चे खरे बिट आत घालतच नाही. तो ४१६ यादृच्छिक बिट घेतो (२५६ अधिक ८० च्या दुप्पट), सर्वांना माहीत असलेल्या यादृच्छिक गुणकांनी त्यांची बेरीज य′ काढतो आणि य − य′ उघडपणे कळवतो. अलका क्ष × (य − य′) आपल्या हिश्श्यात मिळवते. काही बिट ओळखले गेले तरी य′ यादृच्छिकच राहतो. आणि पुष्कळ बिट अचूक ओळखण्याची शक्यता प्रत्येक बिटामागे निम्मी होत जाते.

ओटी-विस्तारातही अशीच तपासणी असते, आणि प्रत्यक्ष प्रणालीत घसरण बहुधा तिथे होते. तिथे फसवणारा बबन असतो: तो अलकाच्या १२८ गुप्त पायाभूत बिटांपैकी एखाद्यावर अंदाज बांधून बिघडलेली माहिती पाठवतो. तपासणी पास झाली तर अंदाज खरा, नापास झाली तर खोटा. नापास झाल्यावर ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे लिहिलेला कोड म्हणजे प्रत्येक खेपेला एक बिट फुकट देणे. तपासणी फसली की त्या जोडीदाराबरोबरच्या पायाभूत ओट्या कायमच्या टाकून द्यायच्या. जाळे तुटल्याने आलेले अपयश आणि तपासणीचे अपयश कोडमध्ये वेगळे ठेवावे लागते ते यासाठी. हॅशमध्ये सत्र-क्रमांक आणि ओळ-क्रमांक न घालणे ही दुसरी नेहमीची चूक; त्याने झाकणे पुन्हा वापरली जातात.

वापर

दोन्ही तिरप्या पदांसाठी ही रीत एकदा-एकदा चालवली की बीव्हर यांच्या १९९१ च्या पद्धतीतील गुणाकार-त्रिके (हिश्श्यांत ठेवलेल्या दोन यादृच्छिक संख्या आणि त्यांचा गुणाकार) आगाऊ तयार होतात. केलर, ओर्सिनी आणि शोल यांची २०१६ ची ‘मॅस्कॉट’ ही अनेक पक्षांच्या गुप्त हिशेबाची पद्धत त्यावरच उभी आहे. सध्या गिल्बोआ रीतीचा सर्वांत ठळक उपयोग वाटून ठेवलेल्या किल्लीने ईसीडीएसए ही डिजिटल सही करण्यात होतो. या सहीत एकदाच वापरायच्या गुप्त संख्येचा व्यस्त आणि खाजगी किल्ली यांचा गुणाकार लागतो, आणि दोन्ही हिश्श्यांत असतात. डोर्नर, कोंडी, ली आणि शेलाट यांनी २०१८ मध्ये तो ओटीने केला. श्नॉर या दुसऱ्या प्रकारच्या डिजिटल सहीत असा गुणाकार नसतो, हिश्श्यांची बेरीज भागते, त्यामुळे तिथे या रीतीची गरज पडत नाही.