म्हातारी मांजर केस उपटते, ते ‘टेन्शन’मुळेच?

म्हातारी मांजर पोटावरचे केस चाटून-उपटून काढू लागली की ‘एकटी पडलीय, टेन्शन आलंय’ म्हणून लोक मोकळे होतात. बहुतेकदा हे चूक असतं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसिक कारणाचा संशय असलेल्या 21 मांजरी नीट तपासल्या. निव्वळ मानसिक कारण दोघींतच निघालं.

आधी टक्कल कुठे पडलंय ते बघा. शेपटीच्या मुळाशी किंवा मांड्यांच्या मागे असेल, तर पिसवांचा संशय धरा. बारीक दातांच्या फणीने विंचरून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा. पिसू दिसली नाही तरी निर्धास्त होऊ नका, मांजर ती चाटून गिळते. औषध घरातल्या सगळ्याच प्राण्यांना लावा. पण कुत्र्यांचं पर्मेथ्रिन (एक कीटकनाशक) असलेलं औषध मांजरीला कधीच नको, जीव जाऊ शकतो.

फक्त ओटीपोट उघडं पडलं असेल तर मूत्राशय दुखत असू शकतं, म्हणून लघवी तपासा. एकाच सांध्यावर चाटत असेल तर संधिवाताचा संशय धरा. दहा वर्षांपुढच्या मांजरीची थायरॉईड आणि रक्तातली साखरही बघून घ्यावी, तीही खाज थांबवायला स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याआधी: लपलेला मधुमेह त्याने उफाळतो.