होल्बाइननं राजाला खरंच फसवलं होतं का?

इंग्लंडचा राजा हेन्री आठवा याच्या सहा राण्यांची यादी बहुतेकांना माहीत आहे, ती परत देत नाही. चौथी राणी, क्लीव्ह्जची ॲन, हिचं दरबारी चित्रकार हान्स होल्बाइननं काढलेलं पोर्ट्रेट पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे आणि ॲन होती त्याहून सुंदर दाखवून त्यानं राजाला फसवलं, असा डाग होल्बाइनवर कायमचा बसलाय. आमच्या दारव्हा तालुक्यात इंटरमिजिएट ड्रॉइंगला बसणारी पोरंसुद्धा विचारतात, "सर, यानंच राजाले फसवलं न?"

तिसरी राणी १५३७ मध्ये बाळंतपणानंतर वारली आणि नवीन सोयरीक शोधणं सुरू झालं. १५३८ मध्ये होल्बाइनला ब्रुसेल्सला पाठवलं, तिथं डेन्मार्कच्या तरुण विधवा राजकन्येनं जेमतेम तीन तास बैठक दिली, तेवढ्यावर त्यानं काढलेलं उभं चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ते लग्न काही जमलं नाही. तेवढ्यात फ्रान्स आणि पवित्र रोमन सम्राटाची दिलजमाई झाली, इंग्लंड एकटं पडलं, म्हणून मुख्य मंत्र्यानं जर्मन मुलुखातलं क्लीव्ह्ज घराणं पुढं केलं. म्हणजे गरज राजकारणाची होती, रूपाचा नंबर नंतरचा.

आधी गेलेल्या दूतांची तक्रार होती की ॲन आणि तिची बहीण, दोघी कपड्यात इतक्या झाकलेल्या की धड चेहरे दिसत नाहीत. मग ऑगस्ट १५३९ मध्ये होल्बाइन जर्मन मुलुखातल्या द्यूरेनला गेला, दोघींची चित्रं काढली, आणि सोबतच्या दूतानं कळवलं की चित्रं हुबेहूब उतरलीत. हे पत्र महत्त्वाचं आहे आणि फसवणुकीची गोष्ट सांगणारे नेमकं हेच गाळतात.

१ जानेवारी १५४० ला राजा वेष बदलून इंग्लंडातल्या रोचेस्टरला ॲनला भेटायला गेला, तिनं ओळखलं नाही, सगळा विचका झाला. ६ जानेवारीला लग्न, ९ जुलैला रद्द. कारणं काय दाखवली तर तिचं आधी लॉरेनच्या राजपुत्राशी ठरलं होतं, शरीरसंबंध झाला नाही, वगैरे. २८ जुलैला ही सोयरीक पुढं करणाऱ्या त्या मुख्य मंत्र्याचं डोकं उडवलं, आरोप देशद्रोहाचा आणि पाखंडाचा. चित्रकाराला मात्र कोणी हात लावला नाही, १५४३ मध्ये मरेपर्यंत तो राजाचाच चित्रकार राहिला. त्यानं फसवलं असतं तर असा राजा त्याला सोडणार होता का? मला तरी पटत नाही.

लंडनमधल्या फ्रेंच राजदूतानं ॲनला मध्यम रूपाची पण निश्चयी चेहऱ्याची म्हटलंय. राजानं तिला ठेवलं म्हणतात ते "फ्लँडर्सची घोडी" हे नाव तर राजाच्या तोंडी कुठंच सापडत नाही, ते सतराव्या शतकाच्या शेवटी एका बिशपनं लिहिलेल्या इतिहासातून पसरलं, म्हणजे जवळपास १४० वर्षांनी! आपल्याकडं पोरगी पाहाले आलेले पाहुणे नकार देऊन गेले की गावात दोष पोरीच्या रूपावरच टाकतात, तसंच तिच्याबाबतीत झालं.

चित्र चामड्याच्या कागदावर काढून नंतर कॅनव्हासवर चढवलेलं आहे, चेहरा अगदी समोरून. नाक लांब होतं ते लपवायला समोरून काढलं असं काही अभ्यासक म्हणतात, आणि हा मुद्दा अजून मिटलेला नाही. पण लूव्रनं अलीकडं सफाई केली तेव्हा जुन्या पिवळट वार्निशखालची मळकट हिरवी पार्श्वभूमी निळी निघाली. म्हणजे आतापर्यंत लोक जो फिका, निस्तेज चेहरा पाहून मत बनवत होते, त्यात वार्निशचाही वाटा होता. ॲनला नंतर रिचमंडचा राजवाडा आणि राजाच्या बहिणीचा मान मिळाला, १५५७ मध्ये वारली, सहाही राण्यांत सगळ्यात शेवटी.