कोकणातील वणवे आणि मिथेन

कोकणात माघ सरला की सड्यावरचे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचे, गवत वाळून पिवळे पडते, रानात ऐन-किंजळीच्या पानांचा पातेरा साचतो आणि वणव्यांचे दिवस सुरू होतात. वळवाच्या सरी येईपर्यंत ते संपत नाहीत. या आगींच्या धुरात सर्वांत मोठा वाटा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याच्या वाफेचा असतो. मिथेन त्या मानाने अगदी थोडा, तरीही त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. शंभर वर्षांचा विचार केला तर जैविक स्रोतातला एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापवाढ करतो. वीस वर्षांचा केला तर हाच आकडा ८० च्या घरात जातो. हवेत तो साधारण एक तप टिकतो.

आणखी एक कारण आहे आणि ते जास्त महत्त्वाचे आहे. गवत जळून हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड पुढच्या पावसाळ्यात उगवणारे गवत बहुतांशी परत ओढून घेते. मिथेन मात्र गवताला घेता येत नाही. ‘गवतच तर जळलं, मिरगानंतर पुन्हा येईल’ हा गावोगाव ऐकू येणारा दिलासा म्हणूनच अर्धाच खरा आहे.

ज्वाळा आणि धुमसणे

लाकूड किंवा पान तापले की आधी त्यातून वायू सुटतात : कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन आणि डांबरासारखी दाट वाफ. भरपूर हवा आणि मोठी ज्वाळा असेल तर हे वायू तिथल्या तिथे जळून जातात. हवा कमी पडली, इंधन ओले असले किंवा ज्वाळा विझून नुसता निखारा उरला की ते न जळताच निसटतात. वणव्यातला मिथेन मुख्यतः असा धुमसण्यातून येतो. डोळ्यांना दिसणारी मोठी आग आणि मिथेनची मोठी मात्रा यांचा मेळ बसेलच असे नाही, आणि हा विषय समजून घेताना नेमकी इथेच गल्लत होते.

कोकणातला वणवा बहुधा जमिनीलगत सरकतो. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी जाड, भेगाळलेली साल आणि कुंभ्याची साल उभ्या झाडाला बऱ्याच अंशी वाचवते. जळतो तो पातेरा, वाळके गवत, झुडपे आणि पडलेले ओंडके. आगीची रेघ एखाद्या जागेवरून काही मिनिटांत पुढे निघून जाते. पण आडव्या पडलेल्या जुन्या बुंध्याच्या पोटात शिरलेला विस्तव दोन-तीन दिवस तिथेच राहतो. वरून पांढरी राख, बाजूने धुराची बारीक दोरी, आणि रात्री ढोलीत डोकावले तर आत लालभडक. गाव तोवर आग विझली असे समजून झोपलेले असते.

मोजदाद

हवामानबदलाच्या आंतरसरकारी मंडळाने (आयपीसीसी) २००६ साली दिलेल्या पद्धतीत जळालेले क्षेत्र, हेक्टरी सुके इंधन, त्यातला प्रत्यक्ष जळालेला भाग आणि उत्सर्जन गुणांक (किलोभर सुके इंधन जळून किती वायू निघतो तो आकडा) यांचा गुणाकार करतात. मिथेनचा गुणांक गवताळ प्रदेशासाठी किलोमागे २.३ ग्रॅम, तर उष्णकटिबंधीय जंगलासाठी ६.८ ग्रॅम धरला जातो. समजा सड्यावर चार टन गवत जळाले, तर मिथेन निघेल ९ किलोंच्या आसपास. जंगलात पातेरा आणि लाकूड मिळून तेवढेच चार टन जळाले, तर सुमारे २७ किलो. याच मार्गदर्शिकेत भारतीय उपखंडातल्या दुभत्या नसलेल्या एका गुराचे वर्षाचे उत्सर्जनही २७ किलोच धरलेले आहे. किती हेक्टर जळाले एवढेच सांगणारी बातमी त्यामुळे अपुरी ठरते. काय जळाले आणि कसे जळाले, हे कळायला हवे.

जगभरात २००८ ते २०१७ या दशकात वर्षाला सरासरी ५७ कोटी टनांहून अधिक मिथेन हवेत गेला. त्यात जंगल, गवत आणि शेतातला पालापाचोळा जळून आलेला वाटा सुमारे १.७ कोटी टन होता. भातखाचरांचा वाटा याहून मोठा आहे, हे भात पिकवणाऱ्या कोकणाने ध्यानात ठेवलेले बरे.

आगी शोधायला मोडिस आणि व्हिअर्स ही उपग्रहांवरची उपकरणे वापरतात. पहिल्याच्या चित्रातला एक ठिपका सुमारे १ किलोमीटरचा, दुसऱ्याचा ३७५ मीटरचा. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था त्यांवरून वनखात्याला इशारे पाठवते. पण यातले बरेच उपग्रह ठरल्या वेळी, दुपारी आणि मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास, माथ्यावरून जातात. संध्याकाळी पेटून रात्री आठला विझलेला वणवा आणि झाडाखाली धुमसणारा बुंधा त्यांच्या नजरेतून सहज सुटतो.

राब आणि भाजावळ

भाताच्या रोपांसाठी जमीन भाजण्याची रीत कोकणात जुनी आहे. तिला कुठे राब म्हणतात, कुठे भाजावळ. शेण, तोडून आणलेली कवळे (झाडांच्या पानाळ फांद्यांचे भारे), पातेरा आणि गवत यांचे थर घालून वर माती पसरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवतात. आग हळू चालावी, जमीन खोलवर तापावी, तणाचे बी मरावे हाच हेतू असतो. म्हणजे मिथेन वाढवणारी मंद, कोंडलेली आग इथे जाणून केलेली असते. शेतकऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. त्याला तणाचा बंदोबस्त दुसऱ्या रीतीने करून द्यावा लागेल. राबाची वाफ्यापुरती आग वाऱ्याने उडून वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीवर गेली की मात्र वणवा होतो. बांध साफ करताना लावलेली काडी, शिकारीसाठी लावलेली आग, गवत जाळले की नवे चांगले फुटते ही समजूत, फेकलेली विडी ही इतर कारणे.

उतार आणि वारा

दुपारी समुद्रावरून येणारे खारे वारे आग सह्याद्रीच्या चढाकडे ढकलतात. चढावर ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवत जाते, त्यामुळे आग धावते. रात्री मतलई वारे सुटले की ती मंदावते, धूर दऱ्यांत बसतो आणि धुमसणे सुरू होते.

प्रतिबंध

भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणे गुन्हा आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मात्र बहुतेक रान खासगी मालकीचे, त्यामुळे तिथे भिस्त गावावरच असते. आंबा-काजूचे बागायतदार पौष-माघातच बागेभोवती गवत कापून जाळरेषा काढतात. वणवा आलाच तर हिरव्या टहाळ्यांनी झोडपून त्याची धार मोडतात. मिथेनच्या दृष्टीने त्यानंतरचे काम तितकेच मोलाचे : पेटलेले ओंडके फोडून वेगळे करणे आणि पाण्याने पुरते थंड करणे. नुसती माती लोटली तर आत विस्तव राहतो आणि राबासारखाच धुमसतो. पण एप्रिलमध्ये सड्यावर पाणी नसते; ते खालच्या विहिरीवरून हंड्या-कळशीने वर न्यावे लागते.