दंडावरची लस मूत्राशयात कशी पोहोचली

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर एक बारीक वण असतो, जन्मल्याबरोबर टोचलेल्या बीसीजीचा. साठी ओलांडलेल्या माणसाच्या मूत्राशयातली कॅन्सरची गाठ काढल्यावर डॉक्टर जेव्हा सांगतात, "आता सहा आठवडे मूत्राशयात बीसीजी सोडायचं," तेव्हा घरचे चक्रावतात. टीबी नाही, मग टीबीची लस कशाला?

या उपचारामागची हकिगत रंगाच्या कारखान्यापासून सांगावी लागते. फ्रँकफुर्टचे सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ साली एक निरीक्षण मांडलं: फुक्सिन हा किरमिजी रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी होत्या. (जखमी हृदयाला टाके घालून पेशंट वाचवणारे ते हेच रेन, पुढच्याच वर्षी.) त्यांचा संशय रंग बनवायला लागणाऱ्या अनिलिन या रसायनावर होता. पुढे खरे दोषी ठरली ती २-नॅफ्थिलअमाइन आणि बेन्झिडीन ही रसायनं. त्यातल्या पहिल्याने कुत्र्यांच्या मूत्राशयात कॅन्सर होतो हे विल्हेल्म ह्यूपर यांनी १९३८मध्ये दाखवून दिलं. शरीर असली रसायनं लघवीवाटे बाहेर टाकतं, पण लघवी तासन् तास मूत्राशयात साठून राहते आणि आतलं अस्तर तेवढा वेळ त्यात भिजतं. हेच २-नॅफ्थिलअमाइन तंबाखूच्या धुरातही असतं. सिगारेट म्हटलं की आपल्याला फुफ्फुस आठवतं. मूत्राशयाच्या कॅन्सरचंही सगळ्यात मोठं कारण धूम्रपानच आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पण गाठ दिसणार कशी? १८०६च्या सुमारास फिलिप बोझिनी यांनी मेणबत्तीचा उजेड आरशाने शरीरात पोहोचवायचा प्रयत्न केला होता. मूत्राशय खऱ्या अर्थाने उजळलं ते १८७९मध्ये. माक्सिमिलियन नित्झे यांच्या सिस्टोस्कोपच्या, म्हणजे मूत्राशयात घालायच्या दुर्बिणीच्या, टोकाशी विजेने तापून लाल झालेली प्लॅटिनमची तार होती आणि आत चटका बसू नये म्हणून तिच्याभोवती सतत गार पाणी खेळवावं लागे. आज सोनोग्राफी, सीटी, लघवीतल्या पेशींची तपासणी असं सगळं हाताशी आहे. तरीही खात्री करायला दुर्बीण आत घालावीच लागते, आणि गाठ खरवडून काढायची तीही मूत्रमार्गातूनच.

निदानाला उशीर होतो तो बहुतेक वेळा यंत्रांमुळे नाही, घरातच होतो, आणि याची मला मनापासून तळमळ वाटते. लघवी लाल झाली, दुखलं मात्र काहीच नाही. "उष्णता वाढलीय, उन्हाळी लागली असेल," म्हणत धण्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. दोन दिवसांनी लघवी स्वच्छ होते आणि धण्याच्या पाण्याला गुण आला असं वाटतं. मूत्राशयातली गाठ अशीच वागते: मधूनच रक्त जातं, आपोआप थांबतं, पुन्हा काही महिन्यांनी दिसतं. उन्हाळीत आग होते, जळजळ होते. न दुखता गेलेलं रक्त, एकदाच का असेना, डॉक्टरांना दाखवायलाच हवं.

आता लशीकडे. अल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ यांनी गाईच्या टीबीचे जंतू बटाटा, ग्लिसरीन आणि पित्ताच्या खाद्यावर तेरा वर्षं पुन्हा पुन्हा वाढवून सौम्य केले. १९२१मध्ये ती लस पहिल्यांदा एका बाळाला दिली. १९२९मध्ये बाल्टिमोरच्या रेमंड पर्ल यांना शवविच्छेदनाच्या नोंदींत टीबी झालेल्यांमध्ये कॅन्सर कमी आढळला. त्यांच्या पद्धतीत त्रुटी होत्या, पण टीबीचे जंतू कॅन्सरला रोखत असतील ही कल्पना टिकून राहिली. १९७६मध्ये कॅनडातल्या किंग्स्टनचे अल्व्हारो मोरालेस यांनी नऊ पेशंटच्या मूत्राशयात थेट बीसीजी सोडलं आणि पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या गाठी आटोक्यात आल्या. त्यांच्याकडच्या लशीच्या पेटीत सहा कुप्या होत्या, दर आठवड्याला एक वापरली. सहा आठवड्यांचा पायंडा तिथूनच पडला. १९९०मध्ये अमेरिकेत या उपचाराला मंजुरी मिळाली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बाळांच्या बीसीजीबरोबर मूत्राशयासाठीचं बीसीजीही बनवते.

हा उपचार अस्तरापुरत्या राहिलेल्या, पण परत येण्याचा किंवा खोलवर जाण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींसाठी आहे. कॅन्सर स्नायूत उतरला असेल तर केमोथेरपी आणि मूत्राशय काढण्यापर्यंत, किंवा ते वाचवून रेडिएशन देण्यापर्यंत गोष्ट जाते.

प्रत्यक्षात काय होतं? बारीक नळीतून सुमारे ५० मिली द्रव आत सोडतात, नळी काढतात. मग दोन तास लघवी धरून ठेवायची. पुष्कळदा या कुशीवरून त्या कुशीवर वळायला सांगतात, म्हणजे औषध सगळीकडे लागतं. हे जंतू जिवंत असतात. त्यांच्या चाहुलीने रोगप्रतिकारक पेशी अस्तराकडे धावून येतात आणि उरलेल्या कॅन्सरपेशींवरही तुटून पडतात. दोनएक दिवस लघवीला आग होते, कणकण वाटते. ताप चढला किंवा टिकला तर लगेच कळवायचं असतं. घरी गेल्यावर सहा तास पेशंट बसूनच लघवी करतो आणि दर वेळी कमोडमध्ये ब्लीच ओतून, पंधरा मिनिटं थांबून मग पाणी सोडतो.