मचाण: शिकाऱ्याच्या आधी राखणदाराचं

वैशाख पौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाट, पेंच, नागझिरा इथल्या पाणवठ्यांवर मचाणं सज्ज होतात आणि शहरांतून आलेली माणसं रात्रभर त्यांवर बसून पाण्यावर येणाऱ्या जनावरांची नोंद ठेवतात. वन विभाग या उपक्रमाला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतो. मचाणाचा विषय निघाला की गप्पा लगेच जुन्या शिकारकथांकडे वळतात. राजेरजवाडे, गोरे साहेब, झाडावरची बंदूक, खाली आमिष म्हणून बांधलेला हेला, म्हणजे रेडा. पण मचाणाचा इतिहास शिकारीपासून सुरू होत नाही. तो शेतापासून सुरू होतो आणि शेतात तो आजही चालू आहे.

उंचावर बसून पीक राखण्याचा फार जुना पुरावा तमिळ संगम काव्यात मिळतो. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या कवितांत डोंगराळ मुलखाच्या कवितांचा ‘कुरिंजी’ नावाचा वेगळा वर्गच आहे. त्यात राळ्याची कणसं भरू लागली की घरातल्या तरुण मुली शेतातल्या उंच माळ्यावर जाऊन बसतात आणि पोपटांचे थवे उडवून लावतात. तमिळांचा देव मुरुगन आणि त्याची प्रिया वळ्ळी यांची कथा याच माळ्यावर घडते. वळ्ळी राळ्याचं शेत राखत बसलेली असते आणि मुरुगन शिकाऱ्याच्या वेषात तिच्यापुढे येतो. माळ्यावर राखणदारीण आणि खाली शिकारी, ही मांडणी मला फार बोलकी वाटते, कारण पुढच्या काळात ती उलटी झाली.

महाराष्ट्रात ज्वारी हुरड्यात आली की शेतात माळा घालायचा आणि त्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकायची, हे कालपरवापर्यंत गावोगाव दिसायचं. हे दिवसाचं काम. विदर्भात रात्रीच्या राखणीला ‘जागल’ म्हणतात आणि तिथला शत्रू पाखरांपेक्षा कितीतरी मोठा असतो. रानडुकरं, रोही म्हणजे नीलगायी, चितळांचे कळप. चितळ संध्याकाळी रानाच्या कडेला येऊन थांबतात आणि अंधार पडला की हरभऱ्यात, तुरीत, धानात उतरतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला साप-विंचवाचं भय, वाघ-बिबट्याचं भय, आणि पीक कमरेच्या वर गेलं की पलीकडचं काही दिसतही नाही. म्हणून माणूस वर चढला.

हे मचाण बांधायला सुतार लागत नाही. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मोहाचं, आंब्याचं झाड असेल तर दोन जाड फांद्यांवर आडव्या बल्ल्या टाकायच्या. झाड नसेल तर बेचकं असलेल्या चार मेढी खोल पुरायच्या आणि बेचक्यात बल्ल्या बसवायच्या. त्यावर बांबू अंथरायचे, वर कामट्यांचा तट्ट्या, त्यावर तणस, त्यावर घोंगडी. बांधायला पळसाच्या मुळांचा वाख किंवा अंबाडीचा दोर. आता बहुतेक ठिकाणी त्याची जागा नायलॉनच्या दोरीनं आणि तारेनं घेतली आहे. बांबू पावसाळ्यात तोडला तर त्याला लवकर कीड लागते, म्हणून तो हिवाळ्यात तोडलेला हवा. वाखाची गाठ पावसात भिजते, उन्हात सुकते आणि हळूहळू सैल पडते, म्हणून दर हंगामात सगळे सांधे नव्यानं आवळावे लागतात. या कामातलं खरं कसब गाठीत आहे, लाकडात नाही. खिळ्यावर ठोकलेलं मचाण वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही. खिळाच हळूहळू बाहेर येतो आणि त्याच्या भोकातून पाणी शिरून लाकूड कुजतं.

पिढ्यान्‌पिढ्या हरणांच्या शिकारीवर जगणाऱ्यांचं मात्र मचाणावाचून काही अडत नव्हतं. फासेपारधी काळविटांच्या वाटेवर फास लावत, मागावर जात, जनावराच्या सवयी वाचत. ते जनावराच्या मागे जाणारे लोक होते. मचाणाचा उपयोग उलटा आहे. जनावर कुठे येणार हे ठाऊक असेल आणि ते येईपर्यंत बसायची तयारी असेल, तरच मचाण कामाचं. शेतकऱ्याला ते ठाऊक असतं, कारण त्याचं शेत हेच जनावराचं मुक्कामाचं ठिकाण असतं. दरबारी शिकाऱ्याला ते ठाऊक नसायचं. ते ज्ञान त्याला गावकऱ्यांकडून घ्यावं लागे.

राजेलोकांनी मचाण उचललं ते आरामासाठी आणि थाटासाठी. राजस्थानातल्या कोटा शैलीच्या अठराव्या शतकातल्या चित्रांत झाडांत बांधलेल्या मचाणांवरून राजे वाघ-सिंहांवर नेम धरताना दिसतात. मेवाडात तर शिकारीसाठी दगडी बुरूजच बांधले गेले, त्यांना ‘ओदी’ म्हणत. पण अशा शिकारीचा खरा भार हाक्यावर असे. शेकडो माणसं रान घेरून, डबे-ढोल वाजवत जनावरं मचाणाच्या रोखानं रेटत आणत. ही माणसं आसपासच्या गावांतलीच, पुष्कळदा वेठीनं धरून आणलेली. ज्यानं आपल्या शेतासाठी मचाण बांधलं, त्याच्याच हातून दुसऱ्याच्या मचाणासाठी बल्ल्या तोडून घेतल्या गेल्या, आणि जखमी जनावर उलटलं तर जमिनीवर उभा तोच होता. शिकारकथांच्या वर्णनांत तो ‘हाकेकरी’ एवढ्या एका शब्दात उरकला जातो, याची मला चीड येते.

इंग्रजी अमलात याची पद्धतशीर व्यवस्था झाली. 1878 च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली गेली. त्याच वर्षी शस्त्र कायदा आला आणि बंदूक कोणाच्या हातात असावी हे सरकार ठरवू लागलं. राखीव जंगलांचे शिकारीसाठी गट पाडून ते ठरावीक मुदतीसाठी परवान्यावर दिले जाऊ लागले. मचाण बांधण्याचं तंत्रही याच काळात बारकाईनं लिहिलं गेलं. सुतळीनं विणलेली साधी बाज झाडात उलटसुलट फांद्यांना बांधली की झालं मचाण, ही युक्ती सर्वत्र चाले. आडोसा त्याच झाडाच्या पानांचा करायचा, कारण ऐनाच्या झाडात पळसाची पानं लगेच डोळ्यात भरतात. कुऱ्हाडीचा आवाज शक्य तितका टाळायचा. आणि शिकारी वर चढून बसला की बांधकाम करणाऱ्यांनी मोठमोठ्यानं बोलत निघून जायचं, म्हणजे जवळपास दबा धरून बसलेल्या वाघाला वाटावं की सगळी माणसं गेली. ही शेवटची क्लृप्ती स्थानिक शिकाऱ्यांची, साहेबांची नव्हे.

वाघासाठी मचाण हे साहेबलोकांत सर्वमान्य होतं. नरभक्षकासाठी तर त्याला पर्याय कमीच. रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या जिम कॉर्बेटनं 1926 मध्ये मारला तो गुलाबराई इथल्या आंब्याच्या झाडावर बसून. हरणांच्या बाबतीत मात्र त्यांचे संकेत वेगळे होते. चितळ-सांबराचा पायी माग काढावा, पाण्यावर किंवा चाटणीवर (जनावरं खारी माती चाटायला येतात त्या जागी) बसून मारणं हे खेळाच्या रीतीला सोडून, असं मानलं जाई. उन्हाळ्यात दोन-चार मैलांत एकच डोह उरतो तेव्हा तहानेनं आलेल्या जनावराला पळायला जागाच नसते. या संकेताचं पालन किती झालं हा प्रश्न वेगळा, पण त्यामागची समज योग्य होती आणि पुढे ती कायद्यात उतरली.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं 1951 मध्ये वन्य प्राणी आणि वन्य पक्षी संरक्षणाचा कायदा केला. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेशात होता. ताडोबात 1935 पासूनच शिकार बंद होती आणि 1955 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं. कोल्हापूरच्या छत्रपतींचं शिकारीचं राखीव रान असलेलं दाजीपूर-राधानगरी 1958 मध्ये अभयारण्य झालं. मधल्या काळात 1959 च्या शस्त्र कायद्यानं शेतकऱ्यासाठी एक वाट ठेवली होती. खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची सोय त्यात आहे. अशा परवान्याची बंदूक जागलीच्या मचाणावरही आली. तिचा गैरवापर झाला, चितळाचं मांस बाजारात गेलं, हेही खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा अनेकांच्या स्मरणात सरसकट शिकारबंदीचा कायदा म्हणून आहे. मूळ कायदा तसा नव्हता. चितळ, सांबर, रानडुक्कर ही जनावरं त्यात ‘मोठ्या शिकारी’च्या अनुसूचीत होती आणि परवाना काढून त्यांची शिकार करता येत होती. पण त्याच कायद्याच्या कलम 17 नं मचाणाच्या शिकारीचा कणा मोडला. सूर्यास्त ते सूर्योदय शिकार नाही, कृत्रिम उजेडात नाही, पाणवठ्यावर, चाटणीवर किंवा तिथं जाणाऱ्या वाटेवर नाही. मांसभक्षी जनावर आणि पाणपक्षी यांच्याबाबत थोडे अपवाद होते. हरणांसाठी नव्हते. म्हणजे हरणाची वाट पाहत मचाणावर बसण्याच्या ज्या वेळा आणि ज्या जागा, त्याच बंद झाल्या. 1991 च्या दुरुस्तीनं परवान्यांची कलमंच काढून टाकली आणि छंदाची शिकार देशातून कायद्यानं संपली. मला हा निर्णय शंभर टक्के बरोबर वाटतो.

अमेरिकेत याच साधनाची गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहून खाली आली होती. नियमन आणि संवर्धनानंतर ती आज काही कोटींत आहे आणि परवान्यावरची शिकार चालू आहे. लोक परसात लाकडी मचाण स्वतः ठोकतात. झाडावरून पडणं हे तिथं शिकाऱ्यांना होणाऱ्या गंभीर दुखापतींचं एक मोठं कारण आहे, म्हणून अंगभर पट्टे बांधून बसण्यावर आता भर दिला जातो.

आपल्याकडे बंदूक उतरली आणि मचाणावर वही आली. बुद्धपौर्णिमा निवडण्याचं कारण सरळ आहे. वैशाखात रानातले बहुतेक झरे आटलेले असतात, त्यामुळे जनावरांना मोजक्या पाण्यावर यावंच लागतं, आणि पूर्ण चंद्राच्या उजेडात दिव्याशिवाय दिसतं. ही पद्धत शास्त्रीय गणनेला पुरी पडत नाही. एकच जनावर रात्रीत दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं आणि अंधारात मादी-पिल्लू ओळखण्यात गफलत होते. 2006 पासून वाघांचा अंदाज स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या आधारे घेतला जाऊ लागला, तशी मचाणावरची रात्र अनुभवापुरती उरली. लोक जंगलात शांत बसायला शिकतात, एवढंच तिचं काम असलं तरी मला ते मोलाचं वाटतं.

जागलीचं मचाण मात्र या सगळ्या बदलांच्या बाहेर राहिलं. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, यवतमाळच्या जंगलालगतच्या गावांत धान आणि हरभऱ्याच्या हंगामात ते आजही उभं राहतं. हातात बॅटरी, वाजवायला डबा, खिशात सुतळी बॉम्ब, खाली शेकोटी. रानडुक्कर आणि रोही यांनी पिकाचा नाश केला तर त्यांना मारण्याची परवानगी मागता येते, पण कागद हातात पडेपर्यंत हंगाम सरायचा धोका असतो. नुकसानभरपाईत पंचनामा होतो तो खाल्लेल्या पिकाचा. जागून काढलेल्या रात्रींना त्यात रकाना नाही. त्यात कृषीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत मिळत असेल तर माणसाला पाणी द्यायला मचाणावरून उतरावंच लागतं, आणि वाघाच्या मुलखात सगळ्यात जोखमीची वेळ तीच. कुंपणात चोरून सोडलेला वीजप्रवाह हा यातूनच निघालेला भयंकर उपाय आहे. त्यानं वाघही मेले आहेत आणि शेजारचे शेतकरीही.

दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळतं. दोन्हींचा उपयोग होतो. पण एकट्यादुकट्या शेताला कुंपण घातलं की चितळांचा कळप आणि डुकरांची टोळी तिथून वळते आणि लगतच्या उघड्या शेतात शिरते. कुंपण घालायचं तर ते अख्ख्या शिवाराला एकत्र घालावं लागतं. ते होत नाही तोवर ज्याचं शेत उघडं राहिलं, त्याला त्या हंगामात मचाणाची उंची आणखी दोन हात वाढवावी लागते.