हिरवी शेडनेट घेण्याआधी दोन मिनिटं

शेडनेट, म्हणजे पिकावर सावली धरणारी जाळी, घ्यायला येणारी मंडळी बहुतेक वेळा रंग ठरवूनच येतात. झाडं हिरवी, म्हणून नेटही हिरवी. का, असं विचारलं तर ‘सगळे तीच लावतात’ हे उत्तर. हिरवी नेट आम्हीही विकतो, तेव्हा तिच्याशी आमचं वैर नाही. पण पान कोणता उजेड खातं आणि कोणता सोडून देतं, हे एकदा बघून मग रंग निवडा.

रात्री अंगणात एक गंमत करा. सगळे दिवे बंद करून सायकलचा मागचा लाल दिवा तुळशीवर धरा. पानं हिरवी दिसत नाहीत, जवळजवळ काळी दिसतात. तांबड्या उजेडातला बराचसा भाग पानाने पोटात घातला, डोळ्यांपर्यंत परत आलाच नाही. दिवसा पान हिरवं दिसतं त्याचं कारणही हेच. तांबडा आणि निळा उजेड पान जास्त ओढून घेतं. हिरव्यातला थोडा परतवतं, थोडा आरपार जाऊ देतं.

हे काम पानातली रंगद्रव्यं करतात. हरितद्रव्य दोन प्रकारचं असतं, ‘अ’ आणि ‘ब’. ‘अ’ ४३० आणि ६६० नॅनोमीटरच्या आसपास सगळ्यात जास्त उजेड शोषतं, ‘ब’ ४५० आणि ६४० च्या आसपास. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) म्हणजे एक टोक निळ्यात, दुसरं तांबड्यात. जोडीला कॅरोटिनॉइड असतात, गाजराला केशरी करणारे. ते निळा उजेड पकडून त्यातली ऊर्जा हरितद्रव्याकडे पोचवतात, शिवाय कडक उन्हात पानाचं नुकसान टाळतात. आंब्याची कोवळी पालवी तांबूस दिसते ती अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. ते अन्न तयार करत नाही, नाजूक पानावर पडदा धरल्यासारखं काम करतं.

जर्मनीचे शास्त्रज्ञ एंगेलमन यांनी १८८२ साली हे फार सुंदर दाखवलं. लोलकातून फाकलेले रंग त्यांनी शेवाळाच्या एका धाग्यावर पाडले आणि भोवती प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. जिवाणूंची गर्दी झाली ती तांबड्या आणि निळ्या पट्ट्यात. प्राणवायू तिथेच जास्त तयार होत होता.

आता इथे एक गैरसमज होतो. हिरवा उजेड पूर्ण वाया जातो, असं नाही. पानात शिरलेला हिरवा उजेड पेशींमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि त्यातला बराचसा शेवटी शोषला जातोच. उलट तो जास्त खोल जातो, खालच्या पानांपर्यंतही पोचतो. त्यामुळे ‘हिरव्या नेटखाली पीक उपाशी मरतं’ असं कुणी सांगितलं तर ते खरं मानू नका.

मग फरक कुठे पडतो? नेटच्या भोकांतून येणारं ऊन जसंच्या तसं येतं. रंग बदलतो तो धाग्यातून गाळून येणाऱ्या उजेडाचा. हिरवा धागा तांबडा उजेड अडवतो, म्हणजे नेमका पानाच्या आवडीचा. त्याच्या पलीकडचा, ७३० नॅनोमीटरच्या आसपासचा ‘दूरचा तांबडा’ मात्र बऱ्याच हिरव्या धाग्यांतून सुटतो. दाट झाडाखालीही असाच उजेड असतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य तो ओळखतं. ‘आपल्यावर कुणाची तरी सावली आहे’ असं समजून रोप उंच पळायला लागतं. पेरं लांबतात, खोड बारीक राहतं. रोपवाटिकावाल्यांना हे नको असतं.

काळा धागा उजेड आरपार सोडतच नाही, त्यामुळे सावली पडते पण उजेडाचा रंग बदलत नाही. मात्र तो तापतो, म्हणून काळी नेट पिकापासून चांगली उंच बांधा. पांढरा धागा उजेड विखुरतो, तो खालच्या पानांनाही मिळतो. भाजीपाल्याच्या रोपांना आम्ही पांढरीच सुचवतो. धूळ बसली की तिचा गुण जातो, तेव्हा धुवायची तयारी ठेवा. बाल्कनीतल्या फर्न-मनीप्लांटला हिरवी खुशाल लावा. तिथे दिसायला बरं हाही मुद्दा आहेच.

खरं सांगायचं तर रंगापेक्षा टक्के जास्त महत्त्वाचे. ५० टक्क्यांची नेट म्हणजे निम्मा उजेड अडला. उन्हाळ्यातल्या कोथिंबिरीला किंवा ढोबळी मिरचीला ती चालते, अँथुरियमला ७५ ची लागते. पण आषाढात आभाळ भरलेलं असताना तीच नेट वर राहिली तर आधीच कमी असलेला उजेड पुन्हा निम्मा होतो. गुंडाळता येईल अशीच बांधणी करा. लावणीआधीच्या आठवड्यात रोपांना रोज थोडं थोडं जास्त ऊन द्या, एकदम उघड्यावर आणलीत तर पानं करपतात.

आणि एक गोष्ट नेटने बरी होत नाही. कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या, उसावर ज्याला केवडा म्हणतात तसं काही दिसलं, तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत हे नेहमीचं. हरितद्रव्यच तयार होत नसेल तर वरून कोणत्याही रंगाचा उजेड पाडून उपयोग नाही. अशा वेळी आमच्याकडे येण्याआधी माती तपासून घ्या.

नेट घ्यायला येताना पीक कोणतं, खांबांची उंची किती आणि दुपारी सावली कुठून येते, एवढं लिहून आणा. शक्य असेल तर दुपारी १२ वाजता काढलेला जागेचा फोटोही.