जीप दुरुस्ती व फेरबदल, नागपूर

जीप, जोंगा, जिप्सी यांसारख्या फोर बाय फोर गाड्यांचे इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या चाकांना शक्ती वाटणारी पेटी) उघडून दुरुस्त करणे व गरजेनुसार त्यांत बदल करणे, हा नागपूर-कामठी परिसरातील कारागिरीचा एक विभाग. कामाचे ‘हाफ इंजिन’ (हेड, पिस्टन, रिंगा), ‘फुल इंजिन’ (क्रँकसह सारे) आणि ‘गिअरचे काम’ असे ढोबळ भाग पडतात. इंजिन बदलले की गाडी बदलली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र आडवाटेवर चालणाऱ्या गाडीचे खरे बळ क्लचच्या मागे असते, आणि फेरबदल फसतो तोही बहुधा तिथेच.

नाव व उगम : ‘जीप’ या शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. ‘जनरल पर्पज’च्या जी-पी या आद्याक्षरांवरून तो आला, ही व्युत्पत्ती लोकप्रिय असली तरी कमकुवत आहे. फोर्ड कंपनीच्या जीपीडब्ल्यू या संकेतात जी म्हणजे सरकारी, पी म्हणजे 80 इंच चाकांतर आणि डब्ल्यू म्हणजे विलीज कंपनीचा आराखडा. 1936 मध्ये एका अमेरिकन चित्रमालिकेत आलेल्या ‘यूजीन द जीप’ या अद्‌भुत प्राण्याशीही हे नाव जोडले जाते. अमेरिकन सैनिक नवख्या शिपायांना आणि चाचणीसाठी आलेल्या गाड्यांना आधीपासूनच ‘जीप’ म्हणत. तोच शब्द 1941 च्या सुमारास या गाडीला चिकटला असावा, हे मत अधिक पटण्याजोगे आहे. मूळ आराखडा 1940 मध्ये बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी केला. उत्पादन मात्र प्रामुख्याने विलीज व फोर्ड यांच्याकडे गेले. भारतात महिंद्राने 1949 मध्ये मुंबईत माझगाव येथे सुट्या भागांपासून जीप जोडायला सुरुवात केली.

नागपुरातील या कामाचे मूळ छावणीत शोधावे की शेतीत, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. छावणीच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. कामठीची छावणी 1821 पासूनची. सुमारे पावणेतीनशे किमी. वरच्या जबलपूरच्या वाहन कारखान्यात निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या आराखड्यावरची लष्करी जोंगा 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून 1999 पर्यंत बनत होती. तिच्या सहा सिलिंडरच्या 3956 सीसी पेट्रोल इंजिनाचे इंधन खाजगी मालकाला परवडत नाही, त्यामुळे लष्कराच्या लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगात डिझेल इंजिन बसवण्याचा विचार आपसूकच येतो. दुसरीकडे, 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि महिंद्राच्या जीपमध्ये ट्रॅक्टरच्या घराण्यातले 2350 सीसीचे डिझेल इंजिन आले. हिंगणा औद्योगिक वसाहतीत त्याच कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना आहे, आणि काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात ट्रॅक्टर उघडणारा हात जीपच्या इंजिनाला परका नसतो. दोन्ही धागे खरे आहेत. तरी हत्यारे, सुटे भाग आणि सवय या तिन्हींचा विचार करता शेतीच्या बाजूचे पारडे जड वाटते.  

गुणोत्तराचा हिशेब : युद्धकाळातील विलीज एमबी या लष्करी जीपचे इंजिन 2199 सीसी, साइड व्हॉल्व्हचे, 60 अश्वशक्तीचे. तिचा पहिला गिअर 2.665, ट्रान्सफर केसचा लो (सावकाश पण जोराचा गिअर) 1.97 आणि क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी जोडी) 4.88, तिन्हींचा गुणाकार सुमारे 25.6. पुढे भारतात रुळलेल्या सीजे-3बी या नागरी जीपमध्ये टी-90 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.798, लो 2.46 आणि क्राउन-पिनियन 5.38, गुणाकार सुमारे 37. इंजिनाची शक्ती 60 वरून जेमतेम सत्तरीच्या घरात गेली, पण लोमध्ये टॉर्कची (फिरवण्याच्या जोराची) पट जवळजवळ दीडपट झाली. चढावर किंवा चिखलात कामी येते ती ही पट.

डिझेल बसवताना हाच हिशेब उलटा फिरतो. सीजे-3बीला 6.00-16 टायर आणि 5.38 चे क्राउन-पिनियन असताना इंजिन मिनिटाला 4000 फेरे घेते तेव्हा टॉप गिअरमध्ये ताशी सुमारे 100 किमी. वेग मिळतो. ट्रॅक्टर जातीचे डिझेल 2500 फेऱ्यांवर थांबत असेल, तर तीच गाडी साठीच्या आसपास अडकते. उपाय दोनच : क्राउन-पिनियन बदलणे किंवा ओव्हरड्राइव्ह (इंजिनापेक्षा जास्त फेरे देणारा गिअर) असलेला पाच गिअरचा बॉक्स घालणे. मोठे टायर लावूनही वेग वाढतो, पण टायरचा व्यास दहा टक्के वाढला की चाकावरची ओढ जवळपास तेवढीच घटते आणि क्लचवरचा भार वाढतो. शोभेसाठी मोठे टायर लावून नंतर क्लच प्लेटला दोष देणे अन्यायाचे आहे.

जोड : परके इंजिन आणि मूळचा गिअरबॉक्स यांच्यामध्ये अडॅप्टर प्लेट येते. ती लेथवर काढतात, भोके पाडतात, आणि कामाची प्रत येथेच ठरते. फ्लायव्हीलवर (इंजिनामागच्या जड चाकावर) डायल गेज हे सूक्ष्म मापाचे घड्याळ बसवून क्रँक हाताने फिरवतात आणि सुईची टोके पाहतात. बेलहाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या कवचाच्या) भोकाचा मध्य क्रँकच्या मध्याशी जुळला पाहिजे. एका फेऱ्यात सुईचा एकूण फरक 5 थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.127 मिमी.पर्यंत, चालतो. जास्त असेल तर डॉवेल (जागा धरणारी खीळ) सरकवावा लागतो. घाईत ही पायरी गाळली तर गाडी पहिल्या दिवशी चालते. काही महिन्यांनी क्लच थरथरतो, गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग कण्हू लागते, भार आला की टॉप गिअर निसटतो, आणि निदान मात्र ‘गिअरबॉक्स खराब’ असे होते. डिझेल इंजिन वजनाने जड असल्याने पुढचे पाटे आणि इंजिनाची रबरे बदलणेही याच कामात येते.

क्लच : एमबीची प्लेट 7⅞ इंची होती, सीजेची साडेआठ इंची. विदर्भातील काळी माती पावसात चाकाला लोण्यासारखी धरते; चालक अर्धा क्लच धरून गाडी काढू पाहतो आणि प्लेटच्या जळक्या अस्तराचा वास येतो. उघडल्यावर अस्तर काचेसारखे चकचकीत आणि फ्लायव्हीलवर निळे डाग दिसतात. नुसती प्लेट बदलून भागत नाही. फ्लायव्हील लेथवर साफ करून प्रेशर प्लेटची (क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या तबकडीची) बोटे एका उंचीवर आणावी लागतात. नाल्यातून जाण्याआधी बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकाला बूच लावतात. नंतर ते आठवणीने काढावे, नाहीतर गळलेले तेल आत साचून प्लेट भिजते.

गिअरबॉक्स : जुने तेल थाळीत काढले की अर्धे निदान होते. उन्हात तेल सोनेरी चमकले तर सिंक्रोनायझरच्या (गिअरचे वेग जुळवणाऱ्या) पितळी रिंगा झिजल्या आहेत. चुंबकाला पोलादाची कुसळे लागली तर दात किंवा बेअरिंग गेले आहे. टी-90 चा पहिला गिअर सिंक्रो नसलेला, त्यामुळे चालत्या गाडीत डबल क्लच (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबणे) न करता तो घालणाऱ्याने दात मोडणे ठरलेले. जीप, जोंगा आणि जिप्सी यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या व मागच्या एक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग, नाही. डांबरी रस्त्यावर पुढचा एक्सल जोडून चालवल्यास शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि ट्रान्सफर केसची दांडी अडकते. थोडे मागे घेतले की सुटते, तिच्यावर हातोडी चालवू नये.

उष्णता : नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. रेडिएटर तुंबण्याचे मोठे कारण विहिरी-बोअरच्या जड पाण्याचे क्षार. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रोखणारी झडप) काढून टाकण्याची सवय सर्रास दिसते. ती सोडावी, कारण थंड राहिलेल्या इंजिनाचे बोअर लवकर झिजतात.

जिप्सी : 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी आरंभी 970 सीसीची होती, पुढे 1298 सीसीची झाली. 2019 मध्ये सामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन थांबले. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला येथील सफारीमुळे तिची दुरुस्ती सुरू आहे.

कायदा : मोटार वाहन अधिनियम 1988 चे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलाला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये याचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नागपूरच्या एमएच-31, 40 किंवा 49 यांपैकी कोणत्याही क्रमांकाच्या गाडीत इंधनाचा प्रकार बदलायचा असेल, तर त्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मंजुरी आधी घ्यावी लागते आणि बदल नोंदणी पुस्तिकेत चढवून घ्यावा लागतो.